इंदुकाकूच्या शिव्या आणि प्रश्न क्रमांक सतरा

चैत्राली शिगवणनं आयुष्यात एकूण नऊ वेळा लाकडं चोरली होती आणि नऊच्या नऊ वेळा तिला त्याचा भयंकर अभिमान वाटला होता. दरवर्षी शिमग्यात, दरवर्षी एकाच घरातून. पण तो काही गुन्हा नव्हे. त्यामुळे कॉलेजच्या अर्जातल्या सतराव्या प्रश्नाशी ती क्षणभरसुद्धा थांबली नाही.

‘अर्जदार कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरला/ठरली आहे का?’

तिनं ‘नाही’वर बोट टेकवलं. पडदा लाल झाला.

‘आपले उत्तर आणि आमची नोंद जुळत नाही. नोंद : एक. चोरी, समूहाने. आपण उत्तर बदलू इच्छिता?’

“काकू! हे बघ काय बरळतंय!”

इंदुकाकू घाणेकर शेजारीच बसली होती, नाकावर चष्मा आणि मांडीवर अंगणवाडीची टॅब घेऊन. पडवी तिचीच. ती चोपन्न वर्षांची. सव्वीस वर्षं गावच्या अंगणवाडीत मदतनीस, आणि मनात एकच ध्यास, पर्यवेक्षिका व्हायचं. त्यासाठी पदवी लागते. म्हणून यंदा तिनं बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी दिली होती. चैत्रालीनं तिला इंग्रजी आणि अर्थशास्त्र अक्षरशः डोकं फोडून शिकवलं. निकाल एकाच दिवशी लागला. चैत्राली अठ्ठ्याऐंशी टक्के, काकू एकसष्ट. पेढे मात्र काकूनं दुप्पट वाटले. आता चैत्रालीला रत्नागिरीच्या नौकाबांधणी संस्थेत जायचं होतं, काकूला चिपळूणला बी. ए. करायचं होतं, आणि दोघींचे अर्ज एकाच पडवीत, एकाच वायफायवर चालले होते.

“चोरी?” काकूनं चष्मा वर केला. “कसली गो चोरी?”

चैत्रालीनं तपशील उघडला. ‘दिनांक : होळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सायंकाळी सहा अडतीस. वस्तू : जळाऊ लाकूड. तक्रारदार : इंदुमती रघुनाथ घाणेकर.’

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“मी?” काकू म्हणाली. “मी कधी तक्रार केली? मी नुसत्या शिव्या दिल्या!”

*

तर गोष्ट अशी होती. केतकवण्यात होळीची लाकडं मागून आणायची नसतात, चोरायची असतात. मागून आणलेल्या लाकडाची होळी म्हणजे विकतच्या पुरणपोळ्यांचा सण. पोरांनी काळोख पडता पडता कुणाच्या तरी गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, फाटी पळवायची, आणि ज्याची गेली त्यानं दारात येऊन गावाला ऐकू जातील अशा शिव्या द्यायच्या. दुसऱ्या दिवशी होळीतला पहिला भाजका नारळ त्याच घरी पोचवायचा. इंदुकाकूचं तोंड पंचक्रोशीत नावाजलेलं. तिच्या शिव्यांना यमक असायचं. तिची लाकडं चोरली आणि तिनं बापजाद्यांचा उद्धार केला, की पोरांना वाटायचं, आता शिमगा सुरू झाला.

हे सगळं गडग्याच्या कोपऱ्यावरच्या खांबाला माहीत नव्हतं.

खांबावर हवापेटी होती. २०३६च्या साथीनंतर सरकारनं गावोगाव त्या बसवल्या. माणूस नुसता उभा राहिला तरी दर मिनिटाला त्याच्या कातडीचे हजारो कण हवेत झडत असतात, डोळ्यांना न दिसणारा कोंडाच म्हणा ना. त्या प्रत्येक कणात त्या माणसाची जनुकीय खूण असते. झाडांचंही तसंच, साल घासली की तिची भुकटी उडते, आणि त्या भुकटीत झाडाची जात लिहिलेली असते. पेटी हवा ओढून घ्यायची, एका बारीक फितीवर कण चिकटवायची, आणि फीत मिनिटामिनिटानं पुढे सरकायची. मुळात हे होतं जंतू शोधण्यासाठी. खोकला मोजायला पेटीला एक कानही दिला होता. पण दोनेक वर्षांत साथ ओसरली, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की जंतू म्हणून आपण जे शोधतोय त्याच्या लाखपट कोंडा माणसांचा आहे. कुठल्या मिनिटाला कोण कुठे होतं, सगळं फितीवर! मग काय, पेट्या पोलिसांना जोडल्या. किरकोळ गुन्ह्यांसाठी ‘त्वरित न्यायासन’ नावाची यंत्रणा आली. तक्रार, वस्तू आणि माणूस, तिन्हींचा मेळ बसला की चार मिनिटांत निकाल. नोटीस फोनवर. पंधरा दिवसांत उत्तर नाही दिलं, तर आरोप कबूल.

आणि काकू तर दारात उभी राहून, छाती भरून ओरडली होती, “चोरांनो, मेल्यांनो, माझी लाकडं नेलीत! सगळ्यांना पोलिसात देईन!”

पेटीच्या कानानं ही तक्रार समजून शब्दन् शब्द टिपून घेतला होता.

चोरीत आठ जण होते. सात जण अठराच्या आतले, म्हणून सुटले. चैत्रालीला शिमग्याच्या आधी चारच दिवस अठरा वर्षं पूर्ण झाली होती.

*

“पण नोटीस आली असेल ना तुला?” बाबा म्हणाले.

चैत्रालीनं हातातला तांब्या आपटला. “आली असेलच! माझा फोन कुठे होता तेव्हा?”

बाबांनी घराच्या आढ्याकडे पाहिलं. फोन गोदरेजच्या कपाटात होता. बारावीची परीक्षा संपेपर्यंत, किल्ली बाबांच्या जानव्याला नसली तरी कमरेच्या करगोट्याला. परत मिळाला तेव्हा त्यात चार हजारांवर संदेश साचले होते. चैत्रालीनं ‘सगळे वाचले’ हे बटण दाबलं होतं आणि मैत्रिणीला, मनालीला फोन लावला होता.

“तुझ्या भल्यासाठीच ठेवला होता,” बाबा पुटपुटले.

“झालं ना भलं!”

“मी म्हणतो, ‘नाही’च लिही. तुझ्या मावशीच्या दिरानं पासपोर्टच्या वेळी...”

“बाबा, पडदा लाल होतो! तो विचारतच नाहीये, त्याला माहितीये! नुसतं माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय त्याला!”

हेच तर तिच्या डोक्यात जात होतं. ज्याला उत्तर माहीत आहे त्यानं प्रश्न विचारावाच कशाला? मदतवाहिनीवर तिनं तासभर घालवला. तिथला गोड आवाज दर दोन मिनिटांनी म्हणायचा, ‘आपली तगमग आम्ही समजू शकतो.’ पाचव्या वेळी चैत्राली म्हणाली, “मग समजा ना एकदाची!” आवाज म्हणाला, ‘आपला अभिप्राय नोंदवला आहे.’

*

चिपळूणच्या सुविधा केंद्रात चक्क एक जिवंत माणूस बसलेला होता. सावर्डेकर नावाचे, गळ्यात मफलर, मे महिन्यात. वर एसीचं तोंड होतं म्हणे. काकूही बरोबर आली होती.

“तीन वाटा,” सावर्डेकरांनी सांगितलं. “‘नाही’ म्हणालात, तर खोटी माहिती. तीन वर्षं कुठेच प्रवेश नाही. ‘होय’ म्हणालात, तर अर्ज चारित्र्य समितीकडे जातो. समिती बसते सप्टेंबरात.”

“कॉलेज एक ऑगस्टला सुरू होतं!”

“जागा धरून ठेवतील, किंवा नाही ठेवणार. ते समितीवर.”

“आणि तिसरी?”

“तक्रारच खोटी होती असं दाखवा. पुरावा असला तर एका दिवसात नोंद जाते.”

“हेच!” काकू पुढे सरसावली. “मी सांगते ना. लिहून घ्या, तक्रार नव्हती, शिव्या होत्या.”

“बाई, ज्याची वस्तू गेली तो ओरडला की ती तक्रार. असा नियम आहे.”

“आणि नसते ओरडले तर?”

“मग काहीच झालं नसतं.”

“अहो, शिव्या दिल्या नसत्या तर पोरं रडली असती!”

सावर्डेकरांनी मफलर सारखा केला. “शिवाय तुमचं सांगणं चालत नाही. पुरावा जोडायचा हक्क फक्त आरोपीला. आरोपीला त्या दिवसाची फीत मागता येते. मागू का?”

“मागा,” चैत्राली म्हणाली. मग तिला काहीतरी सुचलं. “तक्रार खोटी ठरली तर माझी नोंद पुसली जाते ना?”

“तुमची जाते. तक्रारदाराच्या नावावर खोट्या तक्रारीची लागते.”

“म्हणजे डाग पुसत नाही, नुसता सरकतो?”

“यंत्रात पुसायचं बटण दिलेलंच नाही,” सावर्डेकर म्हणाले. ते पहिल्यांदाच जरा माणसासारखं बोलले. “सरकवायचं आहे.”

*

फितीचा उतारा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. अकरा पानं. चैत्राली तो घेऊन आपल्या परसातल्या फणसाखाली बसली. सहा अडतीसला तिचं नाव होतं, बरोबर सात पोरांच्या खुणा होत्या, ऐनाच्या झाडाच्या सालीची भुकटी होती. ते ठीकच. पण तिनं सवयीनं मागची पानंही वाचली. प्रश्नपत्रिका उलटीकडून वाचायची तिची जुनी खोड.

चार वाजून दोन मिनिटं. इंदुमती घाणेकर. ऐनाची भुकटी, दाट.

चार वाजून सात. इंदुमती घाणेकर. ऐनाची भुकटी, दाट.

चार वाजून तेरा.

अशा सात नोंदी. काकूची लाकडांची खोपी घराच्या मागे, गोठ्याला लागून. पेटी पुढच्या गडग्याच्या कोपऱ्यावर. पेटीला सात वेळा काकू आणि ऐन एकत्र सापडले, याचा अर्थ एकच.

चैत्राली ताडकन उठली आणि गडग्यावरून उडी मारून थेट काकूच्या चुलीपुढे जाऊन उभी राहिली.

“तू लाकडं स्वतः आणून ठेवतेस? कोपऱ्यावर?”

काकू भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. “मग? वाळलेली, सारख्या मापाची लाकडं खोपीतून आपली आपण चालत येतात काय?”

“नऊ वर्षं! नऊ वर्षं मी पोटावर सरपटत येतेय! दोनदा गुडघा फुटला, एकदा गांधीलमाशी चावली! मी टेहळणी करायचे काकू, नकाशा काढायचे!”

“बघितलाय मी नकाशा. माझं न्हाणीघर चुकीच्या बाजूला दाखवलंस.”

चैत्रालीचा चेहरा इतका पडला की काकूला भाकरी खाली ठेवावी लागली. ती जरा मवाळ झाली. “अगो, सगळीच घरं ठेवायची पूर्वी. हे ठेवायचे, मग हे गेल्यावर मी. पोरांना खोपीत घुसू दिलं, तर एखाद्याला जनावर चावेल. कोपऱ्यावर ठेवायचं, दिवा मालवायचा, आणि दाराआड उभं राहायचं. मग जरा वेळानं ओरडायचं. लगेच ओरडलं तर पोरं फाटी टाकून पळतात.” तिनं हात पुसले. “पण हे चांगलंच झालं की! हा कागद जोड आणि मोकळी हो.”

“आणि तुझा अर्ज?”

काकूच्या अर्जातला सतरावा प्रश्न हिरवा होता. परवाच तिनं तो दोनदा उघडून पाहिला होता, दोन्ही वेळा ‘नाही’ दाबताना मान ताठ करून.

“माझं काय, मी म्हातारी...”

“गप्प बस! चोपन्न म्हणजे म्हातारी नाही. अंगणवाडीत खोट्या तक्रारीवालीला कोण ठेवतं? पर्यवेक्षिका राहू दे, आहे ती नोकरी जाईल!”

“जाऊ दे! तुझं आयुष्य पडलंय पुढे. आण तो कागद.”

“नाही देत.”

“चैते, आण म्हणते ना!”

“तुझे एकसष्ट टक्के मी आणलेत! मागणीचा नियम तुला तेरा वेळा समजावलाय! ते मी असे पाण्यात जाऊ देणार नाही!”

काकूच्या कपाळावरची शीर उडायला लागली. गावाला वाटलं असेल आता यमक येणार. पण ती एवढंच म्हणाली, “मग मला तुझं तोंड दाखवू नकोस. माझ्यामुळं तू घरी बसलेली मला बघवायची नाही.” आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली, ती वेडीवाकडी पडली.

काकू त्याच दुपारी एकटीच चिपळूणला गेली, कबुलीजबाब द्यायला. सावर्डेकरांनी तिला सांगितलं, आरोपी नसलेल्या माणसासाठी कबुलीचा फॉर्म नाही. ती परत आली आणि चैत्रालीशी बोलायची बंद झाली.

चैत्रालीनं अर्ज पुन्हा उघडला. मनात आलं, फीत जोडायला बोट दोनच इंच सरकवायचंय. होड्या, गोदी, आपण बांधलेलं काहीतरी पाण्यावर तरंगताना बघणं, हे सगळं त्या दोन इंचांपलीकडे होतं. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखीच वैताग आला. मग तिनं नाक पुसलं आणि ‘होय’ दाबलं. खाली तपशिलाला दीडशे अक्षरं मिळत होती. तिनं लिहिलं, ‘होळीसाठी लाकडं चोरली. आमच्याकडे चोरतात. नारळ पोचवला होता.’

*

ऑगस्ट गेला. मनाली पुण्याला गेली, तिथून रोज फोटो पाठवायची. चैत्रालीनं ते बघणं सोडून दिलं. काकू सकाळी अंगणवाडी उरकून आठवड्यातून तीनदा चिपळूणच्या एस.टी.त बसायची, पाठीला कॉलेजची सॅक. चैत्राली समोरून आली की काकू रस्त्याच्या पलीकडचं भेंडीचं झाड बघायची.

नऊ सप्टेंबरला समिती बसली. तीन जण. अध्यक्षा बर्वेबाई, निवृत्त न्यायाधीश. कडेला नौकाबांधणीचे नाटेकर सर, बोटं लाकडासारखीच कडक. तिसरे गृहस्थ सारखे घड्याळ बघणारे.

“कुठलं लाकूड होतं?” नाटेकर सरांनी आधीच विचारलं.

“ऐन.”

“वाळलेलं?”

“दोन वर्षांचं.”

सरांनी डोळे मिटून घेतले. “दोन वर्षं वाळलेलं ऐन होळीत. देवा! होडीच्या फासळ्या निघाल्या असत्या त्यात.”

“सर, मुद्द्याचं,” घड्याळवाले म्हणाले.

बर्वेबाईंनी समोरच्या कागदांवर हात ठेवला. “समितीला पूर्ण फीत मिळते, चैत्राली. सात खेपा मलाही मोजता येतात. तुलाही येत असतील. मेमध्येच सुटली असतीस. जोडली का नाहीस?”

इतके महिने चैत्रालीनं हे काकूशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगितलं तर काकू अडकेल. मग तिला एकदम सगळ्याचा कंटाळा आला, त्या पेटीचा, त्या गोड आवाजाचा, मफलरचा.

“कारण मग तिच्या अर्जातला सतरावा प्रश्न लाल झाला असता,” ती म्हणाली. “कुणाचा तरी होणारच होता. मी पोहायला शिकलेय, होड्या नंतरही बांधेन. तिला पुढच्या वर्षी मागणीचा नियम परत कोण समजावणार?”

घड्याळवाल्यांनी घड्याळ बघायचं थांबवलं.

“हं,” बर्वेबाई म्हणाल्या. त्यांनी अकरा पानांची चळत उचलली आणि खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवली. “अर्जाला फीत जोडलेली नाही. म्हणजे मी ती वाचलेली नाही. आता शेवटचा प्रश्न. हा सगळ्यांनाच विचारतो आम्ही. पुन्हा करशील?”

उत्तर सगळ्यांना माहीत असतं. मान खाली घालायची आणि ‘नाही’ म्हणायचं.

“हो,” चैत्राली म्हणाली. “मार्चमध्ये.”

नाटेकर सर खोकले. “ऐन नको,” ते म्हणाले. “आंबा ने.”

प्रवेश मिळाला, एक्केचाळीस दिवस उशिरा. वसतिगृहातली जागा गेली होती, पहिली घटक चाचणी बुडाली होती, आणि नोंद होती तिथेच राहिली. यापुढे प्रत्येक अर्जात, प्रत्येक नोकरीत, सतरावा असो की सव्विसावा, तो प्रश्न आला की तिला ‘होय’ म्हणावं लागणार होतं.

*

शिमग्याला ती घरी आली. काकूनं दार उघडलं नव्हतं, निरोप नव्हता, काही नव्हतं. दिवेलागणीला पोरं जमली. यंदा कुणी सरपटायला तयार नव्हतं. सगळ्यांच्या नजरा खांबाकडे. चैत्राली पुढे झाली. कोपऱ्यावर लाकडं रचलेली होती. तिनं वरच्या ओंडक्याची साल नखानं खरवडली, वास घेतला. आंबा. म्हणजे समितीतली आंब्याची गोष्ट बाबांनी गावभर सांगितली, ती काकूच्याही कानावर गेली होती तर.

तिनं ओंडका खांद्यावर घेतला. पोरांनी मोळ्या उचलल्या. आणि सगळे तसेच उभे राहिले, कारण शिव्या येत नव्हत्या. एक मिनिट गेलं. दोन. काकूच्या घरात दिवा लागला नाही. धाकट्या ओवीचा ओठ थरथरायला लागला.

मग कडी वाजली. काकू बाहेर आली. ती पोरांकडे न बघता थेट खांबाखाली जाऊन उभी राहिली, पदर सारखा केला, चष्मा वर ढकलला आणि पेटीकडे मान वर करून तोंडी परीक्षेच्या आवाजात बोलू लागली.

“मी, इंदुमती रघुनाथ घाणेकर, प्रथम वर्ष कला. ही लाकडं मी स्वखुशीनं, स्वहस्ते, होळीसाठी येथे ठेवलेली आहेत. यापुढे मी जे काही बोलेन ती तक्रार नाही. नोंद घ्यावी.”

खांबावरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला.

काकूनं पदर कमरेला खोचला, वळली, आणि छाती भरून श्वास घेतला.

“मेल्यांनो! चोरट्यांनो! तुमच्या चुली विझोत, तुमच्या म्हशी रुसोत! आणि तू गो चैते! एक्केचाळीस दिवस! एक्केचाळीस दिवस माझ्या घशाखाली घास उतरू दिला नाहीस, भवाने! फार मोठी झालीस, मला वाचवायला निघालीस! होड्या बांधतेस? पहिल्या होडीत मला बसवलं नाहीस, तर भोक पाडीन तिला, बूडही वाचणार नाही आणि सूडही!”

पोरं किंचाळत, हसत खाली पाणंदीनं पळत सुटली. पळायचंच असतं, शिव्या सुरू झाल्या की.

चैत्राली पळाली नाही. खांद्यावरचा ओंडका रुतत होता, तरी ती गडग्याला टेकून उभी राहिली आणि काकूचा आवाज बसेपर्यंत तिनं सगळं ऐकून घेतलं.